लाट हलू द्या, क्षितिज नको : मंद शटरविषयी वाचकांचे प्रश्न

लाटा मंद शटरवर टिपणं आणि शटर उघडं असताना कॅमेरा मुद्दाम हलवणं, या दोन्हींबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ‘कोणता कॅमेरा घेऊ?’ हे प्रश्न सरळ वगळले. शटर स्पीड आपल्या हाताने ठरवता येत असेल तर हातातला कॅमेरा या कामाला पुरतो.

प्रश्न : ट्रायपॉडवर ३० सेकंदांचं एक्सपोजर दिलं की पाण्याचं धुकं होतं. दिसायला छान, पण लाट कुठेच नसते. लाटेचा आकार राहावा आणि हालचालही दिसावी, यासाठी शटर किती ठेवावं?

३० सेकंदांत लाट उरणार कशी? खुल्या समुद्रावरून येणाऱ्या लाटा बऱ्याचदा ८ ते १२ सेकंदांच्या अंतराने येतात. म्हणजे तुमचं शटर उघडं असताना त्याच जागेवरून तीन-चार लाटा येऊन गेल्या आणि सेन्सरने सगळ्यांची सरासरी काढून दिली. फ्रेममध्ये खडक, खांब असं काही ठाम असेल तर ते धुकं शोभतं. नुसत्या पाण्याचं धुकं मला तरी लवकर कंटाळवाणं होतं.

थोडा हिशेब करू. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. साधारण १ मीटर खोल पाण्यात तो सेकंदाला ३ मीटरच्या आसपास असतो. समजा तुमच्या फ्रेममध्ये १२ मीटर रुंदीचा पट्टा मावतोय आणि फोटो ६००० पिक्सेल रुंद आहे. १/६० सेकंदात आडवी जाणारी लाट ५ सेंटिमीटर सरकते, फोटोत २५ पिक्सेल. एवढीशी हालचाल बघणाऱ्याला फोकस चुकल्यासारखी वाटते, हा सगळ्यात वाईट पट्टा. १/८ ला लाट पावणेदोनशे-दोनशे पिक्सेल सरकते. फेसाचे धागे ओढले जातात, तरी माथा ओळखू येतो. १/२ ला ती दीड मीटर, म्हणजे ७५० पिक्सेल पुढे गेलेली असते. बारकावे जातात आणि धाव राहते. १ सेकंदापुढे आकार विरायला लागतो.

हे झालं लाट आडवी जात असेल तर. अंगावर येणारी लाट फोटोत फारशी सरकत नाही, तिथे दिसतं ते माथ्याचं कोसळणं. १ मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्याला खाली यायला अर्ध्या सेकंदाहून किंचित कमी वेळ लागतो. १/८ ला त्या पडण्याचा एक तुकडा मिळतो, १/२ ला अख्खं कोसळणं. म्हणून जागा निवडताना आधी बघा की लाटा तुमच्याकडे येताहेत की तुमच्यासमोरून आडव्या जाताहेत. धक्का किंवा समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक असेल तर लाट बाजूने दिसते आणि हालचाल मोकळेपणी टिपता येते.

वाळूवरून परतणाऱ्या पाण्याच्या रेषा हव्या असतील तर १/२ ते १ सेकंद ठेवा आणि पाणी मागे फिरू लागल्यावरच शटर दाबा. लाट वर चढत असताना दाबलंत तर येणारं आणि जाणारं पाणी एकमेकांत मिसळून नुसता पांढरा लपका मिळतो.

प्रश्न : क्षितिजाला समांतर कॅमेरा फिरवून लाटांचे आडवे पट्टे टिपायचा प्रयत्न करतो. पण क्षितिज जाड, दुहेरी किंवा लाटेसारखंच वरखाली येतं. काय चुकतंय?

तुमचा हात आडवा जाता जाता वरखालीही होतोय. अशा फोटोत क्षितिज हीच एक गोष्ट जशीच्या तशी उरू शकते, कारण आडव्या रेषेवरून आडवंच सरकलं की ती रेषाच राहते. ती रेषा धारदार असेल तर बाकी सगळं पुसलेलं असलं तरी डोळ्याला आधार मिळतो. ती डगमगली की फोटो फसला.

हातात कॅमेरा धरून करायचं असेल तर कोपरं छातीच्या फासळ्यांना टेकवा. हालचाल जिथे संपणार त्या दिशेला पावलं वळवून ठेवा आणि मग कमरेतून उलटं वळून सुरुवातीच्या जागी या. आता फिरताना अंग पीळ सोडत जातं, घेत नाही, त्यामुळे हालचाल सुटसुटीत होते. बटण दाबायच्या आधीच फिरायला सुरुवात करा आणि शटर बंद झाल्यावरही थोडं फिरत राहा. बटण दाबताच निघालात तर पहिला झटका फोटोत उतरतो. आरशाच्या डीएसएलआरमध्ये शटर उघडं असेपर्यंत व्ह्यूफाइंडर काळा होतो. त्या क्षणी बहुतेक जण नकळत थांबतात. दुसरा डोळा उघडा ठेवायची सवय लावा.

ट्रायपॉडवर करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. बॉलहेडच्या (गोळ्यावर कॅमेरा वळवणाऱ्या ट्रायपॉडच्या माथ्याच्या) तळाशी फिरणारी चकती असते आणि गोळा तिच्या वर. गोळा हलवून कॅमेरा पातळीत आणलात तरी खालची चकती तिरपी ती तिरपीच. फिरवलं की क्षितिज हळूहळू कलतं. आधी पाय लांब-आखूड करून ट्रायपॉडचा तळ पातळीत आणा, मग कॅमेरा.

लेन्सबद्दलही. वाइड लेन्सवर कॅमेरा खाली झुकवून फिरवलात तर क्षितिज सरळ राहील, पण जवळचं पाणी कमानीसारख्या वाकड्या रेषा ओढेल. भूमितीच तशी आहे, हाताचा दोष नाही. सरळ पट्टे हवे असतील तर ७० ते २०० मिमीमध्ये राहा आणि कॅमेरा शक्यतो समोर बघता ठेवा.

आता वेग. लाटेसोबत राहायचं की लाटेला न जुमानता पुढे झाडून न्यायचं, हे आधी ठरवा. दोन्हींचे फोटो पूर्ण वेगळे येतात. ६० मीटरवरून सेकंदाला ३ मीटर वेगाने आडव्या जाणाऱ्या लाटेसोबत राहायला कॅमेरा सेकंदाला जेमतेम ३ अंश फिरवावा लागतो. घड्याळाचा सेकंदकाटा ६ अंश फिरतो, त्याच्या निम्म्याने! जवळजवळ सगळे जण याच्या कितीतरी पट जोरात फिरवतात आणि मग लाट पकडता येत नाही म्हणतात. इतक्या संथ गतीत मागची पार्श्वभूमी नीट ओढली जायला १/४ अपुरं पडतं, म्हणून १/२ पर्यंत जा किंवा लाटेच्या जवळ जा. उलट सगळ्याचेच पट्टे हवे असतील तर २०० मिमीवर १/४ सेकंदात फ्रेमच्या एक तृतीयांश रुंदीइतकं फिरवणं पुरतं. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) ही लेन्स सुमारे १० अंश बघते, म्हणजे वेग सेकंदाला १३-१४ अंश. फार काही नाही.

प्रश्न : भर दुपारी शटर मंद केलं की फोटो पांढराफटक. १० स्टॉपचा एनडी फिल्टर घेतला, तरी हवं ते येत नाही.

फिल्टर गडद झाला. (एनडी फिल्टर म्हणजे लेन्सपुढची गडद काच, आणि एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा.) लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि अपर्चर (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं लहान) एफ/१६ ठेवलं तर शटर साधारण १/१२५ येतं. १/८ ला यायचं तर फक्त ४ स्टॉप कमी करायचे, म्हणजे एनडी१६. १/२ साठी ६ स्टॉप, म्हणजे एनडी६४. तुमचा १० स्टॉपवाला थेट ८ सेकंदांवर नेऊन सोडतो. तो आहेच तर अपर्चर एफ/५.६ करा, १ सेकंदावर याल. नव्याने घेणाऱ्यांनी आधी ६ स्टॉपचा घ्यावा. लाटांसाठी १० स्टॉपचा आधी घेण्यात मला अर्थ वाटत नाही.

पोलरायझर फिल्टर असेल तर तो दीड-दोन स्टॉप खातो आणि पाण्यावरची चमकही घालवतो. पण फुटणाऱ्या लाटेवरची चमक हीच कधीकधी फोटोची जान असते, तेव्हा फिरवून बघितल्याशिवाय लावून ठेवू नका. कमी-जास्त होणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा असतो, मात्र वाइड लेन्सवर टोकाला फिरवला की फ्रेमवर काळी फुली उमटते.

सूर्य मावळताना आयएसओ १०० आणि एफ/१६ ला फिल्टरशिवाय १/१५ च्या आसपास मिळतं आणि अंधारत जाईल तसं १/४, १/२. सुरुवात तेव्हाच करा.

एक्सपोजर मॅन्युअलवर ठेवा. ऑटोवर फेसाने भरलेली लाट आली की कॅमेरा बिचकून फोटो काळपट करतो आणि पुढच्याला उजळ. सगळ्यात जास्त फेस येतो त्या लाटेवर एक फोटो घ्या, हिस्टोग्रामची (उजेडाच्या आलेखाची) उजवी कड बघा, पांढरं जळत नसेल इतपत ठेवा आणि त्याला पुन्हा हात लावू नका.

प्रश्न : स्टॅबिलायझेशन चालू की बंद?

कॅमेरा मुद्दाम हलवताय तर बंद, कारण थरथर आवरणारी ती यंत्रणा तुमच्याच हालचालीशी भांडते. बऱ्याच लेन्सवर पॅनिंगसाठी (कॅमेरा फिरवत फोटो घेण्यासाठी) वेगळा मोड असतो, तो फक्त वरखाली थरथर आवरतो. आडव्या पॅनिंगला तो वापरून बघायला हरकत नाही. उभी किंवा गोल हालचाल करताना मात्र लेन्समधलं आणि बॉडीतलं, दोन्ही बंद.

प्रश्न : मित्र म्हणतात, कॅमेरा हलवून काढलेले फोटो म्हणजे चुकलेल्या फोटोला दिलेलं गोंडस नाव. शेकडो फ्रेम काढल्यावर त्यातली चांगली कोणती हे मलाही कळत नाही.

मित्रांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. असे बरेच फोटो खरंच चुकलेले असतात. पण धूसरपणा ही आजची टूम नाही. १८५० च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांच्या समुद्राच्या फोटोंचं कौतुक झालं ते त्यांत लाट थांबलेली दिसली म्हणून, कारण तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्हवर हलतं पाणी पुसलं जाणं हेच नेहमीचं होतं. (आकाश आणि समुद्र यांची निगेटिव्ह वेगवेगळी घेऊन ते छपाईत जोडत, ही चलाखी वेगवेगळ्या एक्सपोजरचे फोटो जोडणाऱ्या आजच्या एचडीआरवाल्यांना ओळखीची वाटेल.) पुढे लाट गोठवणं सोपं झालं, तेव्हा धूसरपणा मुद्दाम निवडता येऊ लागला. छायाचित्रकार अर्न्स्ट हास यांनी १९५० च्या दशकात बैलझुंजीचे रंगीत फोटो मंद शटरवर काढले ते असे निवडूनच.

फोटो निवडताना मी एकच गोष्ट बघतो : यात काय टिकलं? क्षितिज, लाटेच्या माथ्याची एक कड, पाणी आणि वाळू यांच्यातली रंगाची सीमा, काहीही चालेल, पण एक तरी गोष्ट वाचता आली पाहिजे. काहीच टिकलं नसेल तर रंग कितीही गोड असोत, फ्रेम काढून टाका. म्हणूनच हालचालीची दिशाही समोरच्या आकारावरून घ्या. समुद्रात आडव्या रेषा भरपूर, तिथे उभी हालचाल केली की सगळ्या रेषा एकमेकींवर पुसल्या जातात आणि उरतो रंगांचा चढउतार. फुटणारी लाट तिरकी येत असेल तर तिच्या माथ्याच्या रेषेतच कॅमेरा न्या, ती रेषा टिकते. कॅमेरा गोल फिरवणं मला लाटांवर क्वचितच पटलंय.

निवड त्याच दिवशी करू नका. त्या दिवशी प्रत्येक फ्रेममध्ये तुम्हाला प्रत्यक्ष पाहिलेली लाट दिसते, फोटोतली नाही.

प्रश्न : फोनवर जमेल का?

फोन स्थिर धरून जमेल, फिरवून अवघड. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून त्याला ‘लाँग एक्सपोजर’ केलं की सुमारे ३ सेकंदांच्या फ्रेम एकत्र होतात आणि पाणी छान ओढलं जातं. बहुतेक फोन असं करताना फ्रेम एकमेकींशी जुळवून घेतात, त्यामुळे तुम्ही केलेली हालचाल पुसली जाते. शिवाय उजेडात प्रत्येक फ्रेम क्षणार्धाची असते, म्हणून फोन हलवला तर सलग पट्ट्याऐवजी पायऱ्या-पायऱ्यांचे ठसे येतात. प्रो मोडमध्ये शटर १/८ ठेवता येत असेल तर संध्याकाळी नक्की करून बघा. दिवसा मात्र फोनला बाहेरून एनडी फिल्टर लावावा लागेल, कारण बहुतेक फोनमध्ये अपर्चर बदलतच नाही.

प्रश्न : फोटोत सगळं ओढलेलं असूनही काही करडे गोल ठिपके अगदी जागच्या जागी दिसतात. पाण्याचे थेंब असावेत का?

दोन शक्यता. ठिपके लहान आणि सगळ्या फ्रेममध्ये, अगदी आधीच्या दिवशीच्याही फोटोत, त्याच जागी असतील तर ती सेन्सरवरची धूळ. कॅमेरा फिरतो तशी धूळही त्याच्याबरोबर फिरते, म्हणून पट्टे ओढले गेले तरी ती स्थिर राहते. एफ/१६ च्या पुढे ती जास्त ठसठशीत होते आणि मंद शटरसाठी आपण नेमके तिथेच असतो. एफ/२२ वर कोऱ्या आकाशाचा एक फोटो काढा, किती धूळ आहे ते कळेल. मोठे, मऊ कडांचे डाग मधूनच सुरू झाले असतील तर ते लेन्सवर उडालेले तुषार. कोरड्या कापडाने घासू नका, मीठ काचेवर पसरतं आणि चरेही पडू शकतात. गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या कापडाने आधी टिपा, मग कोरडं करा.

प्रश्न : पाण्यात ट्रायपॉड लावला की हळूहळू खचतो. खोलवर रोवला तरी.

पाय रोवायचे ते लाट परतताना. मागे जाणारं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं, तेव्हाच दाबून बसवलात तर पुढच्या एक-दोन लाटा तग धरतो. मधला दांडा वर काढू नका. १ सेकंदाच्या आतल्या एक्सपोजरला पाणी पायांवर आदळत असताना फोटो घेऊच नका, ते ओसरू लागलं की घ्या. घरी आल्यावर पायांचे सांधे उघडून गोड्या पाण्याने धुवा. वाळू आत राहिली की पुढच्या वेळी ते फिरणार नाहीत.

ट्रायपॉड लावण्याआधी दहा-पंधरा मिनिटं कोरड्या जागी उभं राहून सगळ्यात मोठी लाट कुठवर येते ते बघा. मोठ्या लाटा घोळक्याने येतात आणि मधल्या शांततेत जागा सुरक्षित वाटते. सहसा दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं असतात, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त वर चढतं. खडकावर जाणार असाल तर परतायची वाट भरतीआधी किती वेळ उघडी असते ते आधी पाहून ठेवा, आणि मागच्या स्क्रीनवर फोटो तपासायचा तो समुद्राकडे तोंड करून.