रंग बदलणारं पाणी आणि लग्नाची घाई

फोंड्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी टीवायला, केमिस्ट्री घेतलंय, मार्क चांगले. तिला एमएस्सी करून फ्लो बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटवर काम करायचंय. वडील म्हणतात बीएड कर नाहीतर वेर्ण्याला फार्मा कंपनीत लाग, पुढच्या वर्षी स्थळं बघायचीत. "प्रॅक्टिकलमध्ये पाण्याचा रंग बदलला म्हणून आयुष्य त्यात घालवायचं का?"

दादा, मार्कांची मला काळजी नाही, या वाक्याची आहे. दोन पानी पत्रात मुलीचं स्वतःचं म्हणणं फक्त एवढंच, तेही तुम्ही खोडून काढण्यासाठी लिहिलेलं. स्थळं बघायची घाई तुमची आहे, तिने तसं म्हटल्याचं पत्रात कुठेच नाही, आणि ते तिच्या करिअरच्या नावावर खपवू नका. बीएड वाईट नाही, वेर्ण्याची नोकरीही वाईट नाही, पण नको असताना दोन वर्षं काढायला लावणं वाईट आहे.

तुम्ही लिहिता की इलेक्ट्रोलाइट म्हणजे इन्व्हर्टरमध्ये ओततो ते पाणी, त्यात काय शिकायचं. इथेच गल्लत होतेय. आपण ओततो ते नुसतं डिस्टिल्ड वॉटर, पण फ्लो बॅटरीत वीज साठते तीच मुळी द्रावणात, दोन टाक्यांत, आणि पंपाने ते सेलमधून फिरवतात, टाकी मोठी केली की बॅटरी जास्त तास चालते. तिने प्रॅक्टिकलमध्ये बघितलेले व्हॅनेडियम या धातूच्या द्रावणाचे चार रंग म्हणजेच ती बॅटरी, पिवळा आणि जांभळा असेल तर भरलेली, निळा आणि हिरवा झाला की उतरलेली! सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-कझाकोस यांनी ती 1980च्या दशकात उभी केली. अडचण अशी की 40 अंशांच्या वर पिवळ्या द्रावणात गाळ धरायला लागतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. द्रावणातल्या सल्फ्यूरिक अॅसिडसोबत क्लोराइड मिसळलं तर जास्त व्हॅनेडियम विरघळून राहतं आणि उष्णताही सोसतं. हे शोधायचं काम केमिस्टचं.

रस्ता नेहमीचाच, ताळगावला गोवा विद्यापीठात एमएस्सी किंवा जॅम, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा, देऊन बाहेर, मग नेट-गेट, आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच करायची तर तमिळनाडूतल्या कारैकुडीची सेक्री ही केंद्रीय संशोधन संस्था आहेच. पण पीएचडीशिवाय यात फारसं काही हाती लागत नाही, पाच-सहा वर्षं धरून चाला, हे तिलाही स्पष्ट सांगा.

फॉर्म तिलाच भरू दे. आणि पुढचं पत्र तिच्या हातचं पाठवा, प्रॅक्टिकलच्या वहीतलं ते रंगांचं पानही सोबत जोडायला सांगा.