गणवेश हा पुरावा नव्हे

प्रिय मित्रा,

निवडणूक असो की नवं नाटक, तू सैन्यात होतास म्हणून संपादक तुझ्याकडे 'सैनिकाची नजर' मागतात आणि ती नजर म्हणजे काय हेच तुला कळत नाही. बरंय. ज्यांना कळते, त्यांचीच मला भीती वाटते.

मी आघाडीवर धाकटा अधिकारी होतो, तेव्हा जवानांची पत्रं तपासायचं काम माझ्याकडे होतं. कंदील, निळी पेन्सिल आणि पत्रांचा गठ्ठा. ठिकाण, पलटणीचं नाव, तोफांचा उल्लेख, सगळं खोडायचं. एका रात्री शेजारच्या खंदकात गोळा पडला. सकाळी तिथल्याच एका जवानाचं पत्र हाती आलं: 'इकडे सर्व ठीक. थंडी फार आहे.' खोडण्यासारखं एक अक्षर नव्हतं. खोटं फक्त वरून हुकमानं येत नाही, घरच्यांच्या मायेपोटी खालूनही निघतं, हे मी तिथे शिकलो.

आणि हे लिहिलं कधी? पार उतारवयात. त्याआधी कित्येक वर्षं गणवेशाच्या जोरावर वर्तमानपत्रात स्तंभ चालवला. एका नाटककारानं युद्धावर लिहिलं, तर 'हे गृहस्थ कुठल्या आघाडीवर होते?' एवढ्यावर मी परीक्षण उरकलं. नाटक चांगलं होतं. मला तेव्हाही ते कळत होतं.

गणवेश हा पुरावा नव्हे. 'मँचेस्टर गार्डियन' या इंग्लंडमधल्या वर्तमानपत्राचा पत्रकार माँटेग्यू बघ. पहिल्या महायुद्धाच्या विरोधात होता, पण १९१४ मध्ये ४७ व्या वर्षी पांढरे केस काळे करून भरती झाला. पुढे वार्ताहरांना आघाडी दाखवणं आणि त्यांच्या बातम्या तपासणं हेच त्याच्या नशिबी आलं! इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलच्या तर मे १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात आघाडीवर गळ्यातून गोळी आरपार गेली. पण तो त्या जखमेवर वाद जिंकत बसला नाही. त्याआधी बार्सिलोनातल्या चकमकींच्या वेळी तो स्वतः एका गच्चीवर पहाऱ्याला होता. त्याच दिवसांबद्दल वर्तमानपत्रांनी काय छापलं, ते त्यानं नंतर ताडून पाहिलं. पाहिलेलं आणि छापलेलं, यांतली फट. तुझ्याकडेही तेवढीच आहे. निवडणुकीचा अंदाज खंदकातून दिसत नाही, मग कशाला सांगतोस?

या हट्टापायी माझा स्तंभ बंद झाला. लोक म्हणाले, म्हातारा आपल्याच माणसांवर उलटला. उलटलो नव्हतो रे. गणवेश हा पुरावा नव्हे, एवढंच म्हणत होतो, आणि हे म्हणायचा हक्क गणवेश घातलेल्यालाच जास्त आहे असं मला अजूनही वाटतं. (हो, हे पुन्हा गणवेशाच्याच जोरावर झालं. माहीत आहे.)

परवाचा लेख छापायला देऊ नकोस, इकडे पाठव. 'मी सीमेवर असताना' त्यात चार वेळा आलंय. निळी पेन्सिल आहे अजून माझ्याकडे.