पुनर्विकासात शेजार टिकवायचा असेल तर आधी तळमजल्याचा नकाशा मागा

प्रश्न असा आहे: "कोथरूडमध्ये आमची २४ सदनिकांची, तळमजला अधिक तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली जुनी सोसायटी आहे. पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. इमारतीच्या रचनेवर शेजारपाजार, इतकंच काय शहराचं राजकारणही अवलंबून असतं असं म्हणतात. यात तथ्य किती? आणि असेल तर आर्किटेक्टला आम्ही नेमकं काय सांगायचं?"

तथ्य आहे. आर्किटेक्ट सांगतात तेवढं नाही, पण बिल्डर धरून चालतात त्याहून पुष्कळ जास्त. चांगला नकाशा काढला म्हणून भांडकुदळ माणूस सुधारत नाही. पण ज्यांचं एकमेकांशी बरं आहे त्यांची रोज गाठ पडणार की नाही, हे नकाशाच ठरवतो. तुमच्यासारख्या सोसायटीत हा सगळा खेळ तळमजल्यावरच्या चाळीसेक चौरस मीटरचा असतो.

आत्ता तुमच्याकडे बहुधा बारा घरांना एक जिना असेल. भाजीची पिशवी घेऊन चढणारा माणूस मधल्या लँडिंगवर दम खातो, तेवढ्यात कुणाचं तरी दार उघडतं, पाण्याची वेळ किंवा कामवालीची सुट्टी यावर दोन वाक्यं होतात. नव्या इमारतीत तोच माणूस बेसमेंटमध्ये गाडी लावेल, तिथूनच लिफ्टमध्ये शिरेल आणि नवव्या मजल्यावर उतरेल. तळमजला त्याच्या वाटेत येणारच नाही. दोन वर्षांनी "लोक बदलले हो" असं जे ऐकू येतं, त्यातलं बरंचसं या बदललेल्या वाटेचं असतं.

तळमजला का जातो, याचं गणित सभेत मांडा. ते लोकांना पटकन कळतं. समजा प्लॉट २५ बाय ४०, म्हणजे १००० चौरस मीटर, आणि २४ च्या ४८ सदनिका होणार. एका मोटारीची चौकट २.५ बाय ५ मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. वळायची जागा आणि रॅम्प धरला की एका गाडीला साधारण २५ चौरस मीटर लागतात. घरटी एक गाडी धरली तर ४८ गाड्यांना १२०० चौरस मीटर, प्लॉटपेक्षा जास्त. आता मार्जिन, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, उंच इमारतीच्या बाजूचं मार्जिन साधारणपणे उंचीच्या एक पंचमांश धरतात. ३० मीटर उंचीला ६ मीटर झाले. दोन्ही बाजूंनी ६, मागे ६ आणि पुढे साडेचार सोडले की इमारतीच्या पावलाखाली १३ बाय साडेएकोणतीस उरतात, सुमारे ३८० चौरस मीटर. त्यातून जिने, लिफ्ट, मीटर रूम, पंप रूम वजा करा. स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्यात, जेमतेम बारा गाड्या बसतात. बाकीच्यांसाठी बेसमेंट, पोडियम (खाली एक-दोन मजले गाड्या, वर मोकळी गच्ची) किंवा पझल पार्किंग (यंत्राने गाड्या एकावर एक सरकवून ठेवायची सोय). मार्जिनमध्ये बाग करू म्हणाल तर अग्निशमनाच्या गाडीला ६ मीटरचा मोकळा, ४५ टन वजन पेलणारा पक्का रस्ता सोडावा लागतो. तिथे पेव्हर ब्लॉक येतात, गुलमोहर येत नाही.

या तीन पर्यायांत तळमजल्याचं काय होतं ते वेगवेगळं पाहायला हवं. बेसमेंटमुळे वरची जमीन मोकळी राहू शकते, म्हणून शेजाराच्या दृष्टीने तो सगळ्यात बरा. पण पुण्यात थोडं खणलं की मुरुमाखाली काळा पाषाण लागतो. दाट वस्तीत तो ब्रेकरने फोडत बसावं लागतं, आजूबाजूच्या इमारती तडे गेल्याच्या तक्रारी करतात आणि पावसाळ्यात पंप अखंड चालवावा लागतो. त्यामुळे लहान प्लॉटवर बिल्डर तो टाळतो, आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नसतं. पझल पार्किंग जागा वाचवतं. मात्र वीज गेली किंवा गाडी ठेवायचा पॅलेट अडकला की सकाळी नऊ वाजता वीस माणसं तिथे एकत्र येतात, आणि ती गाठ शेजार वाढवणारी नसते. देखभालीचा वार्षिक करार कुणाच्या खर्चाने, हे करारनाम्यात आधीच लिहून घ्या.

पोडियमबद्दल विशेष सावध राहा, कारण जाहिरातीत तोच सगळ्यात हिरवा दिसतो. गवताला ३० सेंटिमीटर माती पुरते, झुडपांना ६० लागते, खऱ्या झाडाला मीटरभर तरी हवी. ओली माती घनमीटरला १.८ टनांच्या आसपास भरते. म्हणजे झाड लावायच्या जागी स्लॅबवर प्रत्येक चौरस मीटरला जवळपास दोन टन कायमचा भार. तो सुरुवातीच्या डिझाइनमध्ये धरलेला नसेल तर पुढे कुंड्यांतल्या चाफ्यावर समाधान मानावं लागतं. शिवाय पोडियम रस्त्यापासून एक-दोन मजले वर असतो. तिथे बसलेल्या आजोबांना रस्त्यावरचा माणूस दिसत नाही आणि त्याला आजोबा दिसत नाहीत.

आता तुमच्या मागण्या. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: रस्त्याच्या बाजूचा स्टिल्टचा एक गाळा, म्हणजे खांबांमधला एक भाग, ३५ ते ४० चौरस मीटर, गाड्यांशिवाय मोकळा ठेवा. किंमत दीड-दोन गाड्यांची. तिथे बीमखाली ३ मीटर उंची मागा. गाड्यांना २.४ मीटर पुरते, पण तेवढ्या उंचीत पंखा लावून साठ माणसं बसवली की आरतीला घुसमट होते. हा गाळा जिन्याच्या आणि लिफ्टच्या तोंडाशीच हवा. मागच्या कोपऱ्यात दिला तर सहा महिन्यांत तिथे जुनी कपाटं आणि लहान मुलांच्या सायकली जमा होतात. टपालपेट्या, नोटीस बोर्ड, पार्सल ठेवायचा कट्टा आणि एक लांब बाक इथेच. वर बारा-पंधरा ॲमेनिटीज देतो म्हणणाऱ्याला सांगा, त्यातल्या पाच कमी करा आणि हा गाळा द्या. गच्चीवरचं क्लबहाउस पहिल्या वर्षी दिसायला छान असतं. पण गणपती, सर्वसाधारण सभा आणि गुडघेदुखीची माणसं यांच्यासाठी हॉल खालीच लागतो.

दुसरी गोष्ट रॅम्पची. जोतं ४५ सेंटिमीटर असेल तर १ ला १२ च्या उताराने रॅम्प ५.४ मीटर लांब होतो. जागा नाही म्हणून तो १ ला ८ करून ३.६ मीटरमध्ये बसवतात. नकाशात तो दिसतो रॅम्पच, पण चाकाची खुर्ची एकट्याने चढत नाही. लांबी मोजून मागा.

कुंपणाच्या भिंतीवर सभेत सगळ्यात जास्त वाद होईल. नियमात रस्त्याच्या बाजूची भिंत दीड मीटरपर्यंत चालते, आणि वरचा ९० सेंटिमीटर भाग जाळीचा ठेवला तर २.४ मीटरपर्यंत. लोक उंच मागतात. मी उलट सुचवतो: ६० सेंटिमीटर भिंत, वर लोखंडी जाळी, आणि फाटकाशेजारी बाहेर तोंड करून ४५ सेंटिमीटर उंच, तेवढाच रुंद दगडी कट्टा. जागा आपल्या हद्दीतली द्यायची, पदपथावरची नाही. "टवाळ पोरं येऊन बसतील" हा आक्षेप हमखास येतो. येतीलही. पण जुनं झाड वाचवून त्याखाली कट्टा केला आणि समोर एखादं दुकान असेल, तर त्याच पोरांच्या शेजारी संध्याकाळी तुमच्याच सोसायटीतले चार निवृत्त लोक बसलेले असतात. कॅमेरा चोरी झाल्यावर बघतात. कट्ट्यावरचे लोक आधी बघतात. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करून बाकं टाकल्यावर काय झालं ते कुठल्याही संध्याकाळी जाऊन पाहता येईल.

मजल्यांवर फारसं काही मागायचं नाही. लिफ्ट लॉबीला बाहेर उघडणारी एक खिडकी, आणि १.२ ऐवजी १.८ मीटर रुंदी, म्हणजे एकजण दारात उभा राहून बोलत असताना दुसऱ्याला अंग चोरावं लागत नाही. एका मजल्यावर चार घरं ठीक. आठ झाली की नावं लक्षात राहत नाहीत. जिना लिफ्टच्या शेजारी, उजेडाचा हवा. अग्निरोधक दाराआड अंधारात ढकलला तर पहिल्या मजल्यावरचे लोकही लिफ्टच घेतात.

इथे कुणीतरी वाड्यांच्या आठवणी काढेल. चौक, ओसरी, ओटा, दिंडी दरवाजा या रचनेत गाठीभेटी सहज होत, हे खरंच आहे. कात्रजच्या तलावातून नळाने आलेलं पाणी पेठांमधल्या हौदांवर भरायला लोक जमत, तेही खरं. पण हौदावर कुणी यायचं आणि कुणी नाही, हेही त्याच रचनेत ठरलेलं होतं. म्हणून तर महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणं ही केवढी मोठी राजकीय कृती ठरली. पुढे भाडेकरूंनी भरलेल्या वाड्यांत सामाईक संडासावरून होणारी भांडणं जुन्या पुणेकरांना सांगायला नकोत. १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, त्यानंतर सहकारनगर, गोखलेनगरसारख्या भागांत जे नवे शेजार उभे राहिले, तेही वाड्यांशिवाय चांगलेच जमले. चौकाची नक्कल करत बसू नका. रोजच्या वाटेवर थांबायला जागा आहे का, तेवढं बघा.

राजकारणाचं म्हणाल तर ते याच फाटकाशी सुरू होतं. १८९३ पासूनचा पुण्याचा सार्वजनिक गणेशोत्सव चौकांत वाढला. मंडळाचा कार्यकर्ता वर्गणीला दारोदार फिरतो, त्याला घरं माहीत होतात, आणि त्यातून नगरसेवक घडतात. त्याच्यावर टीका जरूर करा, पण नळाला पाणी नाही आलं तर कुणाला पकडायचं हे लोकांना ठाऊक असतं. गेटबंद संकुलात वर्गणीवाला वॉचमनपाशी थांबतो. उमेदवाराला अध्यक्ष क्लबहाउसमध्ये वीस मिनिटं देतात. पाणी टँकरचं, सांडपाण्याचा प्रकल्प स्वतःचा, पहारा स्वतःचा. मग फाटकाबाहेरच्या फुटलेल्या पदपथासाठी महापालिकेत खेटे कोण घालणार?

याचंच एक जवळचं उदाहरण तुमच्या बोलण्यांत येईलच. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरून आणलेला जादा बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही, म्हणून पुढची पट्टी रस्त्याला देऊन रुंदी ९ मीटर करून घेऊ, असं बिल्डर सुचवेल. गल्लीतल्या ज्या सोसायट्यांचा पुनर्विकास झाला तेवढ्यांपुढेच रस्ता रुंद होतो, बाकीच्यांपुढे नाही. अशा करवतीच्या दात्यांसारख्या रस्त्यावर वाहतूक सुधारत नाही, त्या खाचांत गाड्या उभ्या राहतात. तुमची झाडं मात्र नेमकी त्याच पट्टीत असतात. पट्टी द्यायची तर द्या, पण वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीचा अर्ज करण्याआधी प्रत्येक झाड नकाशावर मोजून घ्या. इमारतीचा कोपरा मीटरभर मागे सरकवून वाचणारं झाड बरेचदा निघतं.

हे सगळं कधी सांगायचं, याला फार महत्त्व आहे. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ चा जो शासन निर्णय आहे, त्यानुसार विशेष सभेला दोन-तृतीयांश गणपूर्ती आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. सभासद सगळा वेळ कार्पेट क्षेत्रफळ, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी) आणि तात्पुरत्या घराच्या भाड्यावर घालवतात, आणि तळमजला नंतर बघू म्हणतात. नंतर कुणी बघत नाही. मागण्या प्रकल्प सल्लागाराच्या व्यवहार्यता अहवालात घाला, तिथून निविदेत आणि निविदेतून विकसन करारनाम्याच्या परिशिष्टात, चौरस मीटर आणि उंचीसकट, नकाशावर रंगवून. "प्रशस्त लॉबी व बसण्याची सोय" असं मोघम लिहिलेलं काहीच उपयोगाचं नसतं. सोबत एक ओळ घाला: या जागेत कोणताही बदल करायचा तर सर्वसाधारण सभेची लेखी मान्यता हवी. याचं कारण असं, की जागा पहिल्या मंजूर नकाशात सहसा असते. ती जाते सुधारित नकाशात, तीन-चार गाड्या जास्त बसवताना. स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला सुटी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात २०१० साली स्पष्ट केलं आहे. तरीही 'वाटप' या नावाखाली नव्या ग्राहकाला जागा कबूल केली जाते, आणि मोकळा गाळा सगळ्यात सोपा बळी असतो.

पुढच्या सभेआधी आर्किटेक्टकडून तळमजल्याचा १ ला १०० प्रमाणातला नकाशा मागा. त्यात सगळ्या गाड्या, दुचाकी, खांब, मीटर रूम, ट्रान्सफॉर्मर, कचऱ्याची जागा आणि अग्निशमनाची वाट काढलेली हवी. ट्रान्सफॉर्मर मुद्दाम सांगतोय. तो पहिल्या नकाशात बहुतेक वेळा दाखवलेला नसतो, आणि शेवटी नेमका फाटकाशेजारी, तुमच्या कट्ट्याच्या जागी येऊन बसतो.