खुनात नवरा गेलेल्या बहिणीला आम्ही कशी मदत करू?

तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांपूर्वी बांधाच्या भांडणात तुमच्या आत्येबहिणीच्या नवऱ्याचा खून झाला. पदरात दोन लहान मुलं आहेत, ती गावी असते आणि तुम्ही पुण्यात. अशा घरांसाठी काही व्यवस्था असते का आणि पैसे पाठवण्याशिवाय तुम्ही काय करू शकता, असं विचारलंय.

व्यवस्था आहे, पण ती मागायला कुणीतरी उठून जावं लागतं आणि अशा घरात नेमकं तेच कुणाला होत नाही. मी तालुक्याच्या विधी सेवा समितीत विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. तेराव्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नसते. भावकी, पाहुणे, पुढारी सगळे येऊन जातात. चौदाव्या दिवशी बाई आणि मुलंच उरतात आणि खरी धावपळ तेव्हा सुरू होते. म्हणून सगळ्यात आधी तिच्यासोबत जाणारं एक माणूस ठरवा. तिचा भाऊ, नणंद, गावातली आशाताई, कुणीही चालेल, पण दर वेळी तेच असावं. पोलीस ठाणं, तहसील, कोर्ट, प्रत्येक ठिकाणी नवऱ्याचा खून कसा झाला हे पहिल्यापासून सांगत बसणं किती जीवघेणं असतं, ते मी जवळून पाहते. सोबतच्या माणसाला सगळं ठाऊक असलं की तिला गप्प बसता येतं. या गप्प बसण्याचीही तिला गरज असते.

दुसरं काम वकिलाचं. सरकारी वकील खटला चालवतात ते सरकारच्या बाजूने. तिला स्वतःचा वकील हवा आणि तो फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टातल्या समितीत किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्यायचा. १५१०० हा त्यांचा फोन नंबर. खुनाच्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असेल तर ९० दिवसांत दोषारोपपत्र (पोलिसांचं आरोपपत्र) दाखल व्हावं लागतं, त्यामुळे तुमच्या प्रकरणात ते झालं असण्याची शक्यता जास्त. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याप्रमाणे, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, वकील नेमलेला असेल तर त्या कागदांची प्रत पीडिताच्या बाजूलाही मोफत मिळते. आरोपीच्या जामीन अर्जावर तिचं म्हणणं मांडायचं असेल तेव्हाही वकील कामी येतो. असं म्हणणं मांडणं हा तिचा हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खिरीत शेतकऱ्यांवर गाडी घातल्याच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच नुकसानभरपाईचा अर्जही करता येतो. संहितेचं कलम ३९६ त्यासाठीच आहे. मृतावर अवलंबून असलेल्यांना ही रक्कम सरकारी निधीतून मिळते आणि चौकशी दोन महिन्यांत पुरी करावी असं कायदा म्हणतो. आरोपी सापडला नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरीही अर्ज करता येतो. ‘निकाल लागल्यावर बघू’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, अंतरिम मदत आत्ताच मागा. गेलेले गृहस्थ अनुसूचित जाती-जमातीचे असतील आणि ॲट्रॉसिटीचं कलम लागलं असेल तर समाजकल्याण विभागाकडून ८ लाख २५ हजार रुपयांची तरतूद आहे. निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि उरलेली दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर मिळते.

मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करा. एका मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात आणि आई हयात असली तरी चालतं. उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलमध्ये विचारा.

मुलांबद्दल एक गोष्ट मात्र पोटतिडकीने सांगते. त्यांना ‘बाबा गावाला गेलेत’ असं सांगत राहू नका. शाळेत दुसऱ्याच दिवशी त्यांना खरं कळलेलं असतं. मग ती आईलाही विचारत नाहीत, कारण आई रडेल. त्यांच्या वयाला झेपेल इतकं, पण खरं सांगा, आणि शाळेतल्या एका बाईंना विश्वासात घ्या. बहिणीची झोप उडाली असेल किंवा तिला जगणंच नकोसं झालं असेल, तर १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे. मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्ही तिच्या शेजारी बसून लावलात तर ती बोलेल.

आता गावातला दबाव. बांधाचं भांडण म्हणजे आरोपी बहुतेक भावकीतलेच. ‘मिटवून टाका’ म्हणणारे येतील. खुनाच्या गुन्ह्यात कायद्याने तडजोड होत नाही, हे तिला आणि घरच्यांना नीट समजावून सांगा. धमकी आली तर ती तोंडी सांगून सोडू नका. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ती किंवा घरातलं कुणी साक्षीदार असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो.

आणि सातबारा! दुःखाच्या भरात हे राहून जातं आणि पुढे सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. नवऱ्याच्या हिश्शाला ती, दोन्ही मुलं आणि सासू हयात असेल तर सासू, असे सगळे वारस लागतात. मुलगी असेल तर तीही. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज लगेच द्या आणि फेरफार मंजूर झाल्यावर उतारा काढून स्वतः वाचा. तोवर इतर कुणी आणलेल्या जमिनीच्या कुठल्याही कागदावर तिने सही करू नये, जमिनीतला वाटा सोडून देणाऱ्या हक्कसोडपत्रावर तर मुळीच नाही.

पुण्यात बसून तुम्हाला करता येईल असं काम म्हणजे तारखा सांभाळणं. खटल्याचा सीएनआर नंबर (प्रत्येक खटल्याला मिळणारा वेगळा क्रमांक) घेऊन ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाका, पुढची तारीख दिसते. तारखेच्या आदल्या दिवशी तिला आणि सोबत जाणाऱ्याला फोन करा, गाडीचं बघा, मुलांना कुणाकडे ठेवायचं ते ठरवा. घटनेच्या वेळचा मोबाइल किंवा मोटारसायकल पोलिसांनी जप्त केली असेल तर ती परत मिळवायचा अर्जही वकिलांना कोर्टात द्यायला सांगा. जिल्हा कोणता ते कळवलंत तर भरपाईच्या अर्जाला कोणते कागद जोडायचे ते मी इथेच लिहून देईन.