वाचकांचे प्रश्न : खेळण्यांतून टेबलावरच्या वस्तू

प्रश्न : सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी होम मैदानावरच्या गड्ड्यातून, म्हणजे जत्रेतून, मुलांसाठी घेतलेले प्लास्टिकचे पोकळ डायनासोर आणि घोडे घरात पडून आहेत. त्यांचे पेनस्टँड करावेत म्हणून पाठीला भोक पाडले, सोनेरी रंग दिला आणि लाकडी फळीवर चिकटवले. परंतु थोड्याच दिवसांत रंगाचे पापुद्रे निघाले आणि घोडा फळीवरून सुटला. गोंद कोणता वापरावा?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : गोंद निवडण्याआधी खेळणे कोणत्या प्लास्टिकचे आहे हे पाहावे लागते. पुष्कळ स्वस्त खेळणी पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात आणि त्यांच्या मेणचट पृष्ठभागावर गोंद किंवा रंग टिकत नाही. पाठीचे भोक पाडताना निघालेला कपचा साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून सोडावा. तो वर आला तर प्लास्टिक या दोन प्रकारांपैकी आहे असे समजावे. तळाशी राहिला तर ते बहुधा पीव्हीसी, पॉलिस्टायरीन किंवा एबीएस असते आणि तिथे दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद चांगले काम देतो. अख्खे खेळणे पाण्यात टाकून काहीच कळत नाही, कारण पोटातली हवा त्याला तरंगवते.

आपल्या घोड्याची लक्षणे पाहता तो तरंगणाऱ्यांपैकी असावा. अशा खेळण्यासाठी गोंदाचा नाद सोडून फळीच्या खालून स्क्रू घालावेत, त्यांची टोके पायांतून पोकळ पोटापर्यंत येऊ द्यावीत आणि मग पाठीच्या भोकातून प्लास्टर ऑफ पॅरिस ओतावे. ते घट्ट झाले की स्क्रू आतच जखडले जातात, शिवाय पेनांच्या भाराने कलंडणार नाही इतके वजनही येते. मापाने एक भाग पाण्यात दोन भाग पावडर भुरभुरत घालावी, पावडरीवर पाणी ओतू नये. मिश्रण साधारण दहा मिनिटांत घट्ट होऊ लागते, म्हणून वायरिंगच्या पाइपचा तुकडा पेनासाठी आधीच कापून ठेवावा आणि ओल्या प्लास्टरमध्ये उभा करून तिथेच राहू द्यावा. घट्ट होताना प्लास्टर बरेच तापते, त्यामुळे मुलांना त्यात हात बुडवू देऊ नये. उरलेले प्लास्टर मोरीत ओतल्यास पाइप तुंबतो. ते कागदावर वाळवून कचऱ्यात टाकावे.

रंगाविषयी आमचे मत विचाराल तर सोनेरी रंगाचा मोह आवरावा. हिरव्यागार डायनासोरच्या पाठीत खोचलेले पेन जितके गमतीशीर दिसते तितके सोन्याचे सोंग घेतलेले दिसत नाही. तरीही रंगवायचेच असेल तर गाड्यांचे बंपर रंगवण्यासाठी मिळणारा प्लास्टिक प्रायमर आधी मारावा. त्यापूर्वी पॉलिश पेपर मारताना तो ओलाच ठेवावा, कारण खेळण्यांवर आयएसआय चिन्ह 1 जानेवारी 2021 पासून बंधनकारक असले, तरी चिन्ह नसलेल्या मालाच्या रंगात शिसे असू शकते आणि कोरडी धूळ श्वासावाटे शरीरात जाते.

प्रश्न : फळीच्या तळाला सोलापुरी चादरीची चिंधी लावली तर चालेल का?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : अवश्य चालेल. चादरीचे कापड जाड, सुती असते आणि लाकडाप्रमाणेच पांढरा गोंद शोषून घेते. कडांचे दोरे सुटू नयेत म्हणून कापण्याआधी कापावयाच्या रेषेवर पातळ केलेला गोंद फिरवून वाळू द्यावा. टॉवेलची चिंधी मात्र टाळावी, तिच्या लूपांमुळे वस्तू डुगडुगते.

प्रश्न : टाचण्या आणि क्लिपा धरून ठेवणारे कासव करायचे आहे. पाठीवर बारीक चकत्यांची शक्तिशाली चुंबके चिकटवू का? घरात तीन वर्षांचा नातू आहे.
– एक आजोबा, सोलापूर

उत्तर : चिकटवू नयेत. अशी दोन चुंबके सुटून मुलाने गिळली तर ती आतड्याच्या दोन वळणांतून एकमेकांना ओढतात, मधली भिंत चेपली जाऊन तिला छिद्र पडू शकते आणि प्रसंग शस्त्रक्रियेवर येतो. त्याऐवजी बिघडलेल्या स्पीकरमधले काळे, कड्याच्या आकाराचे मोठे चुंबक घ्यावे. ते गिळता येत नाही. कासवाच्या पाठीचे प्लास्टिक पातळ असेल तर चुंबक आतून बसवूनही टाचण्या वर धरल्या जातात. पाठ जाड असल्यास तेवढा भाग कापून चुंबक उघडे ठेवावे. टाचण्यांचाही धोका आहेच, तेव्हा कासव नातवाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर असावे आणि बँकेची कार्डे त्यापासून लांब ठेवावीत.