शेजाऱ्याचा आवाज वेगळा, शेजाऱ्याचा त्रास वेगळा: एनसी मिळाल्यावर पुढे काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमळनेरला सामाईक भिंतीचं घर. शेजारी रात्री अकरानंतरही गच्चीवर स्पीकर लावतो, त्याच्या कूलरने तुमची भिंत थरथरते. बोलायला गेल्यापासून शिवीगाळ, दारात आडवी मोटारसायकल. दोनदा पोलिसांत गेलात, दोन्ही वेळा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) हातात देऊन ‘कोर्टात जा’ सांगितलं.

सगळ्यात आधी, हे सगळं एकाच अर्जात लिहिणं थांबवा. कूलर, स्पीकर, शिव्या आणि जोडीला जुना नालीचा वाद, असा चार पानी अर्ज ठाणे अंमलदार वाचत नाही. ‘शेजाऱ्यांची आपसातली भांडणं’ एवढाच शेरा त्याच्यावर पडतो.

कूलर तर तक्रारीतून काढूनच टाका. एप्रिल-मे महिन्यात खान्देशात कूलर बंद करायला कुणी सांगणार नाही, आणि त्या मागणीने तुमच्या बाकीच्या खऱ्या तक्रारीही हलक्या होतात. भिंत थरथरते ती बहुतेक वेळा स्टँड भिंतीला टेकलेलं किंवा भिंतीत ठोकलेलं असतं म्हणून. स्टँड चार बोटं अलग करून पायांखाली जाड रबर घातलं, पंख्याचा झिजलेला बुश बदलला, की बराच फरक पडतो. खर्च थोडा आहे. गल्लीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला मध्ये घालून हे करून घ्या, हवं तर खर्च तुम्ही द्या.

स्पीकरची बाजू मात्र कायद्यात पक्की आहे. ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर किंवा कुठलंही वाद्य वाजवता येत नाही. राज्य सरकार सणावारासाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेवढाच अपवाद. म्हणजे गच्चीवर रात्री अकराला स्पीकर चालू असेल तर डेसिबल मोजत बसायची गरजच नाही, वेळ हाच नियमभंग. ‘दहापर्यंत कितीही वाजवता येतं’ हा समजही चुकीचा आहे. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि खासगी स्पीकरचा आवाज आवाराच्या हद्दीवर त्याहून ५ पेक्षा जास्त चढता कामा नये.

आवाज चालू असतानाच ११२ ला फोन करा. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलेल्या आवाजाचं पोलीस सहसा काही करत नाहीत. नाव उघड होण्याची भीती असेल तर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय की अशा तक्रारीत पोलिसांनी तक्रारदाराची ओळख मागू नये आणि आवाज करणाऱ्याला सांगूही नये. दोन-तीन कॉल झाले की तारखा-वेळांसह लेखी अर्ज ठाण्यात द्या आणि प्रत उपविभागाच्या डीवायएसपींना (पोलीस उपअधीक्षक). खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, म्हणून या नियमांखाली जिल्हाधिकारी किंवा डीवायएसपी दर्जाचा अधिकारी बघतो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

नोंद एका वहीत ठेवा: ‘१२ मे, रात्री ११.२० ते १२.५०, गच्चीवर स्पीकर, दार बंद असूनही शब्द ऐकू येत होते, ११.३५ ला ११२ ला फोन, १२.१० ला गाडी आली.’ बस एवढंच. ‘मुद्दाम त्रास देतात’ असली वाक्यं वहीत नकोत.

आता त्रासाची बाजू. नुसती शिवीगाळ (भारतीय न्याय संहिता, कलम ३५२) आणि साधी धमकी हे अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून एनसी. पण रस्ता अडवणं (कलम १२६), घरात घुसणं (३२९), बाईला उद्देशून अश्लील बोलणं किंवा हावभाव (७९) हे दखलपात्र आहेत. लोक इथेच चुकतात: ‘शिव्या दिल्या’ एवढंच सांगतात आणि गाडी आडवी लावून बाहेर पडू दिलं नाही, हे राहून जातं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाचा कायदा) कलम १७४ प्रमाणे एकाच घटनेत एक जरी दखलपात्र गुन्हा असेल तर सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. म्हणून घटना पूर्ण सांगा. शिव्या मोघम न लिहिता जशाच्या तशा लिहा, लाजू नका.

एनसी झालीच तर तो शेवट नाही. त्याच कलम १७४ खाली प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तपासाच्या आदेशासाठी अर्ज करता येतो. दुसरा, बऱ्याचदा जास्त उपयोगी मार्ग म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ ची चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई (न्याय संहितेचं १२६ वेगळं): दोन-तीन एनसीच्या प्रती जोडून पोलिसांना तसा प्रस्ताव तहसीलदारांकडे पाठवायला सांगा. शांतता राखण्याचा बाँड एक वर्षापर्यंत घेता येतो. पण पोलीस सवयीने दोन्ही पार्ट्यांवर चॅप्टर टाकतात. तुम्हालाही नोटीस आली तर घाबरू नका, वही आणि पोच जोडून लेखी उत्तर द्या. म्हणूनच उलट एकही शिवी तुमच्या तोंडून जायला नको, समोरचाही मोबाईल धरून उभा असतो.

रेकॉर्डिंग करताना कॅमेरा आपल्या दारापुरता ठेवा, त्यांच्या खिडकीत नको, नाहीतर तुमच्यावरच गुन्हा यायचा. मूळ फाईल ज्या फोनमध्ये आहे तो विकू नका, रिसेट करू नका. कोर्टात क्लिप द्यायची तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईलचा जणू डिजिटल अंगठा) येते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या क्लिपची ती मूळ फाईलशी जुळत नाही.

एवढ्याने थांबलं नाही तर दिवाणी कोर्टात कायम मनाईचा दावा, सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज. मनाई मोडली तर मालमत्ता जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा, बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दावा लावण्याआधी समोरच्याला बोलावून तडजोडही तिथेच करता येते. जाताना वही, अर्जांच्या पोच, एनसीच्या प्रती आणि घराचा उतारा न्या. नालीचा वाद तिथेही काढू नका, त्याचा वेगळा अर्ज नगरपालिकेत द्या.