आजीला सांगितलेलं वाक्य

टिळकवाडी, बेळगाव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू लॅपटॉप मिटलास तेव्हा तुझा चेहरा इतका उतरला होता की मला काही बोलवलं नाही. शिवाय तुला खानापूरची बस गाठायची होती, आणि मी तोंड उघडलं असतं तर रागावलोच असतो. म्हणून लिहितोय.

पाण्याच्या प्रोजेक्टवर बोलायचं, तर ४२ स्लाइड आणि मिनिटं १०. वर मलाच विचारलंस, "काका, इंग्लिश कसं सुधारू? मी मराठी शाळेतली, समोर सगळे कन्नड-इंग्लिशवाले." अगं, तुझं दुखणं इंग्लिशचं नाही. चहा घेताना मी सहज विचारलं, हा प्रोजेक्ट तुझ्या आजीला कळला काय? तू एका दमात म्हणालीस, "कळला की. तिला सांगितलं, पाणी ढिगानं पडतंय, आपण धरून ठेवत नाही." झालं! तिथंच तुझं काम झालं होतं. मलप्रभा नदी तुमच्या कणकुंबीत उगम पावते आणि एप्रिलमध्ये तुझी आई घागर घेऊन रांगेत उभी असते, हे सगळं त्या वाक्यात आलं. मग मी ते वाक्य तुझ्या स्लाइडमध्ये शोधलं. ३१वी स्लाइड, खालून दुसरी ओळ, आणि तिथं ते 'सबऑप्टिमल रिटेन्शन' असं जड इंग्लिश होऊन बसलेलं.

ऐकणारा घरी जाऊन काय सांगणार? ते एक वाक्य आधी कागदावर लिही. लॅपटॉप त्यानंतर. माझ्याकडे दुसरं शास्त्र नाही.

हे मी कशानं शिकलो तेही सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवायच्या कारखान्यात, क्वालिटी बघत होतो. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लोहोल (हवेची भोकं) यायचे, रिजेक्शन वाढत चाललेलं. मी तीन आठवडे रात्रपाळीत उभा राहून मूळ शोधलं. साच्यात आत ठेवायचे वाळूचे कोअर ओव्हनमध्ये नीट वाळत नव्हते. धातू ओतला की त्यातल्या ओलीची वाफ व्हायची आणि कास्टिंगमध्ये अडकायची. मालक आणि पुण्याकडचे ग्राहक यांच्यासमोर मला अर्धा तास मिळाला. सांगायचं होतं इतकंच : "ओल कोअरमध्ये आहे, ओव्हन बदला." पण मला माझे तीन आठवडे दाखवायचे होते ना! धातूचं पृथक्करण, वाळूच्या चाचण्या, आलेखांवर आलेख. ओव्हन होता ३३व्या स्लाइडवर. २०व्याला मालक फोन घ्यायला उठले ते परत आलेच नाहीत. ओव्हन तसाच राहिला, काही महिन्यांत ती ऑर्डर गेली, आणि कोअर शॉपमधल्या दोघांना घरी बसावं लागलं. त्यातला एक मिस्त्री जाताना मला म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगितलंच नाही."

किती तरी वर्षं मी म्हणत राहिलो, सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. मालकांनी थांबायला हवं होतं, हे मी आजही म्हणेन. पण मिस्त्री खरं बोलला होता. त्यानंतर माझ्या विभागात कुणीही मीटिंगला निघाला की मी दारात अडवून त्याचं एक वाक्य मागायचो. नसेल तर जाऊ द्यायचो नाही. माणसं चिडली, हेकट म्हणाली. म्हणू देत. निवृत्तीच्या दिवसापर्यंत मी ते सोडलं नाही, आणि बरोबरच केलं.

ही फक्त आमच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांची गोष्ट समजू नकोस. कल्पना चावला तुला ठाऊक आहेच. जानेवारी २००३मध्ये तिचं कोलंबिया अंतराळयान उडालं तेव्हा इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच इंजिनिअरांनी नासाच्या अधिकाऱ्यांना स्लाइड दाखवल्या. एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. तळाशी, बारीक अक्षरात, खरी गोष्ट : चाचण्या झाल्या होत्या ३ घनइंचाच्या तुकड्यावर, आणि आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घनइंचाचा. म्हणजे ६४० पट! १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं, सातही जण गेले. एका स्लाइडनं ते घडलं असं मी म्हणत नाही, कारणं पुष्कळ होती. पण चौकशी मंडळानं अहवालात त्या स्लाइडची दखल घेतली. "आपली चाचणी ६४० पट लहान तुकड्यावरची आहे, आपल्याला काही माहीत नाही," एवढं वाक्य मथळ्यात हवं होतं. त्या माणसांना इंग्लिश येत नव्हतं काय?

आता भाषेचं. तुझ्यासमोर मराठी, कन्नड, उर्दू घरांतली माणसं बसणार, आणि बहुतेकांसाठी इंग्लिश ही शाळेतच शिकलेली भाषा. लांब वाक्यं त्यांनाही नकोच आहेत. विचार मराठीत कर, बोलताना छोटं इंग्लिश बोल. नमस्कार कन्नडमध्ये कर, पण मनापासून, उच्चार मैत्रिणीकडून घोटून घे. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ हवं, दोन्हीकडे आजीचंच. मधलं पाठ करू नकोस, अडखळलीस की सगळंच विसरशील.

स्लाइड ८ पुरेत. पहिलीवर कोरड्या विहिरीचा फोटो, दुसरीवर पावसाचा आकडा, एकच, मोठ्या अक्षरात. वर्गात शेवटच्या बाकावर बसून वाचता येतं का बघ. घड्याळ लावून मोठ्यानं बोल आणि ७ मिनिटांत संपव, उरलेली ३ कुठं जातात कळतही नाही. लाइट जाईल, प्रोजेक्टर रुसेल, म्हणून एका कागदावर सगळं उतरवून ठेव. प्रश्न आला आणि उत्तर नसेल तर "बघून सांगते" म्हण. त्यात कमीपणा काही नाही.

हिवाळ्यात कडोलीला, येळ्ळूरला साहित्य संमेलनं होतात. एकदा जाऊन मांडवात मागं बस आणि वक्त्याकडे न बघता बायामाणसांकडे बघ. कुठल्या वाक्याला त्यांची मान वर होते आणि कुठं त्या पोरांना पाणी पाजायला उठतात, ते वहीत लिहून ठेव.

उरलेल्या ३४ स्लाइड काढताना तुझं पोट तुटेल, हे मला कळतं. रात्र रात्र जागून केल्यात. माझ्याही मी जपून ठेवल्या होत्या, कपाटात, कितीतरी वर्षं. तरी काढ.

येत्या रविवारी ये. लॅपटॉप घरी ठेव, आजीला घेऊन ये. तिला मागच्या खोलीत बसवू, दार उघडं ठेवू, आणि तू पुढच्या खोलीतून बोल. कुठं ऐकू आलं नाही ते ती सांगेल.

तुझा,
काका